आधी वजनकाटा, मग टायर, मग मडफ्लॅप

फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकच्या चासीवर राहण्याची खोली बांधून कॅम्पर करायचा आणि डांबर संपतं तिथून पुढे निघायचं, अशी हौस असलेल्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: "माझ्या गाडीत जास्तीत जास्त केवढा टायर बसेल?" मोठ्या चाकांचा ट्रक रुबाबदार दिसतो, हे मान्यच. पण प्रश्न चुकीच्या टोकाकडून सुरू झालाय. विचारायला हवं ते असं: पाणी, डिझेल, सामान आणि माणसांसकट भरलेला माझा ट्रक पेलून, वरून वाळूत हवा निम्म्यावर आणली तरी जो टिकेल, असा सगळ्यांत लहान टायर कोणता? याचं उत्तर कधी कधी खरंच मोठा टायर असं येतं. पण तो किती मोठा, हे तेव्हा वजन ठरवतं.

मडफ्लॅपचा, म्हणजे चाकामागे टांगलेल्या रबरी पडद्याचा, विचार तर लोक सगळ्यात शेवटी करतात. जुनेच परत लावतात, नाहीतर मिळेल ते रबर कापून टांगतात. टायर बदलला की मडफ्लॅपचं सगळं माप बिघडतं. ते कसं, हे पुढे आकड्यांनिशी बघू.

वजन

ट्रक पूर्ण भरून वजनकाट्यावर न्यायचा. पाण्याची टाकी काठोकाठ, डिझेल फुल, स्टेपनी जागेवर, माणसं आत. पुढचा एक्सल वेगळा तोलायचा, मागचा वेगळा, आणि जमलं तर प्रत्येक चाक वेगळं. कॅम्परमध्ये हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण स्वयंपाकाचा ओटा, बॅटऱ्या आणि पाण्याची टाकी बऱ्याचदा एकाच बाजूला येतात. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. मागच्या एक्सलवर ५६०० किलो भरले तर कागदावर प्रत्येक चाकाला २८०० येतात, प्रत्यक्षात एका बाजूला ३००० आणि दुसऱ्या बाजूला २६०० असू शकतात. टायर निवडायचा तो ३००० धरून.

आता टायरच्या बाजूवरचे आकडे. मापाच्या पुढे एक संख्या आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ १५२ के. संख्या भाराची: १२१ म्हणजे १४५० किलो, १२६ म्हणजे १७००, १५२ म्हणजे ३५५०, १६४ म्हणजे ५०००. अक्षर वेगाचं: जी म्हणजे ताशी ९० किलोमीटर, जे म्हणजे १००, के म्हणजे ११०, एल म्हणजे १२०. भाराच्या दोन संख्या तिरप्या रेघेने जोडलेल्या असतील तर पहिली एकेरी चाकासाठी आणि दुसरी, जराशी कमी, जोडचाकासाठी, म्हणजे एकाच बाजूला शेजारी-शेजारी दोन चाकं असतात तेव्हा. मात्र हा भार टायर पेलतो तो कंपनीने सांगितलेला पूर्ण हवेचा दाब असताना. हवा कमी केली की क्षमताही उतरते, आणि ऑफ-रोडवर हवा कमी करावीच लागते. ३५५० किलोच्या टायरवर ३००० किलो टाकले तर रस्त्यावर सगळं ठीक दिसतं, वाळू आली की हिशेब आवळतो. मी एकेका चाकाच्या खऱ्या भारापेक्षा किमान पंचवीस टक्के जास्त क्षमतेचा टायर बघायला सांगतो. मोठा टायर घेण्याचं खरं कारण हे राखीव बळ आहे.

हवा

टायरच्या आतला दाब आणि जमिनीला टेकलेला भाग यांचं नातं साधं आहे. चाकावरचा भार भागिले हवेचा दाब म्हणजे ढोबळमानाने जमिनीवरचा ठसा. ३००० किलोच्या चाकात ६ बार (बार हे दाबाचं एकक) हवा असेल तर ठसा साधारण ४९० चौरस सेंटिमीटर येतो. ३ बारवर तोच ९८० होतो. टायरची बाजूची भिंत स्वतःही थोडा भार उचलते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा यापेक्षा काहीसा कमी असतो, पण चित्र हेच. वजन तेवढंच, ते दुप्पट जागेवर पसरलं, म्हणून चाक रुतायचं थांबलं.

एक बारकावा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हवा कमी केल्यावर हा ठसा रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो. वाळूत म्हणूनच उंच आणि भरपूर हवा मावणारा टायर कामाचा, नुसता रुंद टायर नव्हे. बुटक्या भिंतीच्या रुंद टायरला हवा काढल्यावर दबायला जागाच नसते, आणि रिम दगडावर आपटते.

किंमत मोजावी लागते ती उष्णतेत. दबलेल्या टायरची भिंत प्रत्येक फेरीत वाकते आणि सरळ होते, त्यातून ती तापते. त्यामुळे कमी हवा म्हणजे कमी वेग, हे घट्ट गणित. चांगल्या कंपन्या ऑफ-रोड टायरसोबत भार, दाब आणि वेग या तिघांचा एकत्र तक्ता देतात: इतक्या भाराला, इतक्या वेगापर्यंत, कमीत कमी इतकी हवा. टायर विकत घेण्याआधी तो तक्ता मागून घ्या. जो विक्रेता तक्ता न दाखवता "हवा बिनधास्त काढा" म्हणतो, त्याचं ऐकू नका. डांबरावर परत आलं की पुन्हा हवा भरायची, आणि इथे मोठ्या टायरचा एक छुपा खर्च कळतो. चार भल्यामोठ्या चाकांत तीन-तीन बार हवा परत भरायला छोट्या बारा व्होल्टच्या कॉम्प्रेसरला फार वेळ लागतो. ट्रकच्या एअर ब्रेकच्या टाकीवरून हवा घेण्याची सोय असेल तर ती आधी करून घ्यावी.

केबिनमध्ये बसूनच चाकातली हवा कमी-जास्त करण्याची कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या डीयूकेडब्ल्यू या अमेरिकन जल-थल ट्रकमध्ये चालकाला चालत्या गाडीत दाब बदलता येत होता. समुद्रातून वाळूच्या किनाऱ्यावर चढायचं आणि लगेच रस्त्याला लागायचं, या गरजेतून ते आलं.

उंची

आता उंचीचा हिशेब. ३६५/८० आर २० या मापात ३६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, आणि २० ही इंचातली रिम. भिंत २९२ मिलिमीटर, तिची दुप्पट ५८४, त्यात रिमचे ५०८ मिळवले की व्यास १०९२ मिलिमीटर. तसाच हिशेब ३९५/८५ आर २० चा केला तर साधारण ११८० येतो. १४.०० आर २० असं जुन्या पद्धतीचं माप दिसलं तर तिथे रुंदी इंचात असते आणि व्यास सव्वा मीटरच्या आसपास भरतो.

३६५ वरून ३९५ वर गेल्यावर व्यास ८८ मिलिमीटरनी वाढला. पण एक्सल उचलला गेला फक्त ४४ मिलिमीटर, कारण वाढीचा निम्मा भाग एक्सलच्या वर असतो. त्याबरोबर अख्खी खोलीही ४४ मिलिमीटर वर गेली, म्हणजे गुरुत्वमध्य वर गेला आणि उतारावर आडवं चालताना गाडी तेवढी जास्त कलती झाली. मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं आणि दगडावरून सहज चढून जातं, हा फायदा खरा आहे. फक्त ग्राउंड क्लिअरन्ससाठी, म्हणजे गाडीचा खालचा भाग जमिनीपासून उंच राहावा म्हणून, टायर बदलणाऱ्याने मात्र चार-साडेचार सेंटिमीटरसाठी काय काय मोजतोय ते बघावं.

मोजावं लागतं ते असं. व्यास आठ टक्के वाढला, म्हणजे प्रत्येक फेरीत गाडी आठ टक्के जास्त पुढे जाते. स्पीडोमीटर ८० दाखवत असताना खरा वेग ८६ च्या पुढे असतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमावलीनुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही, म्हणून ती मानणाऱ्या देशांत तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. गिअर सगळे जणू थोडे उंच होतात. चढावर पहिला गिअर अपुरा वाटायला लागतो, आणि जास्त त्रास उतारावर होतो, कारण इंजिनाची रोखून धरण्याची ताकद तेवढीच घटते. ब्रेकचंही तेच. ड्रम किंवा डिस्क तेवढीच, पण जमिनीपर्यंतचा तरफेचा हात लांबला, त्यामुळे तेवढ्याच पेडलला जमिनीवर मिळणारी ब्रेकची ताकद सात-आठ टक्के कमी. एवढ्या फरकावर बहुतेक ट्रक निभावून नेतात. पंधरा-वीस टक्के वाढ करणाऱ्याने डिफरन्शियलचे (एक्सलमध्ये बसवलेले, चाकांना फिरवणारे) गिअर बदलण्याचा आणि ब्रेक तपासून घेण्याचा खर्च टायरच्याच हिशेबात धरावा. नियमही बघावेत. अनेक देशांत मूळ मापापेक्षा फार वेगळ्या टायरसाठी तपासणी आणि कागदावर नोंद लागते, आणि ती नसेल तर विमा कंपनी हात वर करू शकते.

स्टेपनीचा विसर पडतो. या मापाचं रिमसकट चाक शंभर किलोच्या पुढे जातं. ते मागच्या भिंतीवर टांगायचं तर भिंतीचा सांगाडा तेवढा पक्का हवा आणि उतरवायला हातविंच हवी. एकट्या माणसाला ते चाक उतरवून, बसवून, जुनं परत वर चढवता येतं का, हे अंगणात करून बघायचं. जॅकही तेवढा उंच उचलणारा लागतो.

मागे जोडचाकं असलेल्या ट्रकला एकेरी मोठी चाकं लावण्याचा मार्ग या कामात मला सर्वांत पटतो. जोडचाकांच्या मध्ये दगड अडकतात आणि दोन्ही टायर फाडतात. वाळूत पुढचं चाक एक चाकोरी पाडतं आणि मागच्या जोडीला आपली रुंद वाट नव्याने दाबावी लागते. एकेरी चाकं पुढच्या चाकोरीतूनच जातात, आणि सगळीकडे एकच माप असल्याने एक स्टेपनी पुरते. अट एवढीच की आता सहाऐवजी चार टायर सगळं वजन उचलणार, म्हणून प्रत्येक टायर आणि प्रत्येक रिम त्या भाराची हवी. रिमवर तिची क्षमता ठोकलेली असते. रिमचा ऑफसेट, म्हणजे रिम हबवर किती आत किंवा बाहेर बसते ते माप, चुकला तर बेअरिंगवर वेडावाकडा भार येतो.

जुन्या लष्करी ट्रकच्या रिम अनेकदा दोन-तीन तुकड्यांच्या असतात, कडं लावून बंद होणाऱ्या. त्या रस्त्यात हाताने उघडता येतात हा गुण, पण कडं नीट न बसता हवा भरली तर ते जीव घेईल इतक्या जोराने सुटतं. अशी रिम पिंजऱ्यात ठेवूनच भरायची असते. ते शिकलेलं नसेल तर हात लावू नये.

नक्षीबद्दल थोडक्यात. खोल, मोठ्या ठोकळ्यांची नक्षी चिखलात उत्तम, ओल्या डांबरावर आणि बर्फावर कमजोर, आवाज भरपूर. बर्फाळ प्रदेशात जायचं तर तीन शिखरं आणि हिमकण असं चिन्ह असलेला टायर बघावा. कॅम्परचे बहुतेक किलोमीटर डांबरावर आणि खडीवरच होतात, म्हणून अतिरेकी नक्षी घेण्यात मला अर्थ दिसत नाही. आणि टायरचं वय बघा. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ असतील तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. लष्कराच्या साठ्यातले स्वस्त टायर नक्षीने कोरे करकरीत दिसतात आणि वयाने म्हातारे असतात.

टायर बसतो की नाही, हे सपाट जमिनीवर मोजू नये. भरलेल्या गाडीचं पुढचं एक चाक ठोकळ्यावर चढवायचं, स्टिअरिंग एका टोकाला आणि मग दुसऱ्या टोकाला नेऊन बघायचं की टायर चासीला, स्प्रिंगच्या पाट्यांना, मडगार्डला कुठे घासतो का. मग दुसरं चाक. मागेही तसंच. घासत नसेल तरी बोटभर जागा पुरत नाही, कारण चिखल त्या फटीत जाऊन बसतो आणि बर्फाच्या साखळ्या लावल्या तर त्यांनाही जागा लागते.

मडफ्लॅप

मडफ्लॅप मागच्या गाडीच्या काचेसाठी असतो, असा समज आहे. अर्धा खरा आहे. कॅम्परमध्ये उरलेला अर्धा भाग जास्त महागात पडतो. पुढच्या चाकातून उडालेला दगड थेट डिझेलची टाकी, पाण्याची टाकी, एअर ब्रेकच्या नळ्या, वायरिंग आणि चढायच्या पायऱ्या यांच्यावर बसतो. मागच्या चाकातून उडालेला दगड खोलीच्या मागच्या लटकत्या भागाखाली, सांडपाण्याच्या टाकीवर आणि तिच्या नळावर. तेव्हा चारही चाकांमागे मडफ्लॅप हवेत, आणि पुढचे आधी.

दगड उडतो कसा? टायरच्या नक्षीत अडकलेला दगड जमिनीवरून वर येताना सुटला की त्या क्षणी नक्षी ज्या दिशेला चालली असेल त्या सरळ रेषेत निघतो. गाडीच्या तुलनेत त्याचा वेग गाडीच्या वेगाइतकाच, मागे आणि वर. जमिनीवर उभं राहून पाहणाऱ्याला मात्र तो मागे जाताना दिसतच नाही, जवळजवळ जागच्या जागी वर उडताना दिसतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चाकातून २० अंशाच्या कोनात सुटलेला दगड, हवेचा अडथळा सोडून दिला तर, सुमारे २.४ मीटर उंच जातो, आणि तेवढ्यात गाडी त्याच्यापासून १३ मीटरवर पुढे पोहोचलेली असते. मागून तेवढ्याच वेगाने येणारी गाडी जवळजवळ आपल्या पूर्ण वेगाने त्याच्यावर जाऊन आदळते. दगड मारतो असं आपण म्हणतो, खरं तर काचच दगडावर येते.

म्हणून मडफ्लॅपचं काम कोन अडवण्याचं. टायर जमिनीला टेकतो तिथून मडफ्लॅपपर्यंतचं आडवं अंतर आणि मडफ्लॅपच्या खालच्या कडेची जमिनीपासूनची उंची, या दोघांच्या प्रमाणावर सगळं अवलंबून. समजा ३६५ चा टायर आहे, त्याच्यामागे १५० मिलिमीटर मोकळी जागा सोडून मडफ्लॅप टांगलाय आणि त्याची खालची कड जमिनीपासून २५० मिलिमीटरवर आहे. टेकण्याच्या जागेपासून अंतर सुमारे ६९६, म्हणजे साधारण २० अंशांच्या वरचं सगळं अडतं. आता ३९५ चा टायर लावला आणि मडफ्लॅपला हात लावला नाही. गाडी ४४ मिलिमीटर वर गेल्याने खालची कड २९४ वर गेली. कोन झाला २३ अंश. वीस ते तेवीस अंशांमधले, पूर्वी अडणारे दगड आता सुटतात, आणि हे कमी उंचीचे नाहीत: त्याच वेगाला अडीच ते तीन मीटरपर्यंत जाणारे. शिवाय टायरमागची मोकळी जागा १५० ची १०६ उरली. संरक्षण कमी झालं आणि टायर मडफ्लॅपच्या जवळ आला, दोन्ही एकदमच.

जवळ येणं का वाईट, ते गाडी मागे घेताना कळतं. मागे जाताना चाकाचा मागचा भाग खाली जात असतो. चिखलाने, दगडाने किंवा वाळूच्या ढिगाने मडफ्लॅप पुढे ढकलला गेला की टायर त्याला पकडतो, आपल्याखाली ओढतो, आणि ट्रकच्या वजनापुढे काहीतरी तुटतंच. ते काय तुटावं, हे आपण ठरवायचं. मडफ्लॅप जाड ब्रॅकेटला चार मोठ्या बोल्टांनी आवळला तर ब्रॅकेट वाकतं, मडगार्ड फाटतं, कधी दिव्याची वायरही ओढली जाते. वरच्या कडेला पट्टी लावून लहान बोल्टांनी दाबून धरला तर मडफ्लॅप निसटतो, तो उचलून पुन्हा लावायचा. त्याहून चांगला उपाय म्हणजे पिन काढून तो दोन मिनिटांत उतरवता येईल, किंवा खालच्या भोकात साखळी अडकवून वर बांधता येईल अशी रचना. अवघड जागी शिरण्याआधी वर बांधायचा, खडीच्या रस्त्याला लागलं की खाली सोडायचा. खडीचा वेगवान रस्ता हीच मडफ्लॅपची खरी जागा आहे, खडकाळ चढावर त्याचा उपयोग नाही.

मडफ्लॅप टायरपासून लांब टांगला तर त्याच उंचीला जास्त कोन अडतो, हे वरच्या गणितातून दिसतं. मग खूप मागे का नेऊ नये? मागच्या चाकांच्या बाबतीत तो उताराच्या टोकावर आधी टेकतो, आणि टायर व मडफ्लॅपच्या मधल्या उघड्या भागातून पाणी व खडे बाजूला उडतात. माझ्या मते मोठ्या टायरमागे पंधरा ते वीस सेंटिमीटरची जागा सोडावी आणि उंची मडफ्लॅपच्या लांबीने जुळवावी. लवचिक असल्याने तो जमिनीला घासला तरी बिघडत नाही.

साहित्यात साधं पातळ रबर लवकर फाटतं, बोल्टच्या भोकापासूनच. आत कापडाचे थर असलेला कन्व्हेअर बेल्टचा तुकडा, आठ-दहा मिलिमीटर जाडीचा, फार टिकतो, आणि जड असल्याने वेगात वाऱ्याने मागे उडतही नाही. पॉलियुरेथेन हलकं आणि चिवट, पण हलका मडफ्लॅप वेगात आडवा होतो आणि त्याच्या उंचीचं सगळं गणित वाया जातं. त्याला मागून टेकू देणारा दांडा लागतो. कडक प्लॅस्टिक थंडीत तडकतं. लोखंडी पत्रा लावूच नये. सायलेन्सरचा धूर थेट अंगावर येत असेल तर कुठलंही रबर करपतं, तिथे नळीचं तोंड वळवून घ्यावं.

रुंदी टायरच्या पूर्ण नक्षीइतकी, शक्य तर दोन्हीकडे थोडी जास्त. रुंद टायर मडगार्डच्या बाहेर डोकावत असेल तर मडफ्लॅप वाढवून भागत नाही. बाहेर आलेल्या कडेवरचा चिखल वर आणि बाजूला उडून दारावर, खिडक्यांवर आणि आरशांवर बसतो. अनेक देशांत टायरची नक्षी वरून झाकलेली असणं बंधनकारकही आहे. तिथे मडगार्डला रबरी रुंदी जोडावी, आणि मडफ्लॅप त्या नव्या कडेपर्यंत न्यावा.

शेवटचं माप घ्यायचं ते गाडी भरलेली असताना आणि टायरमध्ये रस्त्याची पूर्ण हवा असताना. रिकाम्या गाडीवर बेताने कापलेला मडफ्लॅप भरल्यावर जमिनीला लागतो. सुरुवातीला दोन-तीन सेंटिमीटर लांबच ठेवावा, खडीच्या पहिल्या लांब टप्प्यानंतर टाकीखाली वाकून ताजे ओरखडे कुठे पडलेत ते बघावं, आणि मगच सुरी चालवावी.